तीन चाकांना तीन आकडे

"किती टाकू?" हा पंक्चरवाल्याचा प्रश्न दुचाकीवाल्याला अडवत नाही. पुढे इतके, मागे तितके, असे उत्तर तोंडपाठ असते. कंपनीच्या पुस्तिकेतही ते छापलेले असते. पण त्याच मोटरसायकलच्या डाव्या अंगाला साइडकार जोडा आणि मग तोच प्रश्न येऊ द्या. तिसऱ्या चाकात किती? पुस्तिका गप्प. ती दोन चाकांसाठी लिहिलेली असते. मग बहुतेक जण सांगतात, "टाक सगळ्यांत तीस-तीस."

या तीसची परीक्षा देवासहून इंदूरमार्गे धारला जाताना, शंभरेक किलोमीटरच्या वाटेवर होते. साइडकारमध्ये कोणी नसेल, तर तिचे चाक प्रत्येक खड्ड्यावर उडते. सगळी मंडळी बसलेली असतील, तर मागचे चाक झोल खाते आणि उतरून हात लावला तर टायर चांगलाच तापलेला लागतो. हवा तिन्ही चाकांत तीच, तरी एक चाक टणक आणि दुसरे बसके. असे का होते?

साइडकार म्हटले की १९७५ च्या 'शोले'तली मोटरसायकल आठवते. त्याच काळात कित्येक मराठी घरांत स्कूटरला साइडकार जोडून अख्खे कुटुंब लग्नाला जात असे. आज हौशी मंडळी बुलेटला साइडकार लावतात. मोटर वाहन कायदा, १९८८ यातल्या मोटरसायकलच्या व्याख्येत, काढता येण्याजोगी आणि जादा चाकाची साइडकार धरूनच तिला दुचाकी म्हटले आहे. कागदावर ती दुचाकी राहते; रस्त्यावर मात्र ती दुचाकीचा एकही नियम पाळत नाही, आणि हवेचा तर नाहीच.

ओझे पेलते ती हवा

टायरचे रबर स्वतः फार थोडे वजन उचलते. गाडी उभी असते ती आत कोंडलेल्या हवेवर. टायर रस्त्याला जिथे टेकतो तिथे तो थोडा चपटा होतो आणि जमिनीवर एक लहानसा ठसा तयार होतो. गाडीचा रस्त्याशी संबंध तेवढ्या ठशापुरताच असतो.

या ठशाचा हिशेब साधा आहे. चाकावरचे वजन भागिले हवेचा दाब, म्हणजे साधारण ठशाचे क्षेत्रफळ. आपण ज्याला '३० पाउंड हवा' म्हणतो, तो दर चौरस इंचावर ३० पाउंड इतका दाब असतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे २.१ किलो. त्या चाकावर १५० किलो वजन असेल, तर ठसा सुमारे ७० चौरस सेंटीमीटरचा होतो: ७ सेंटीमीटर रुंद, १० लांब. टायरच्या ताठपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण हिशेब मोडत नाही.

आता त्याच ३० पाउंडांवर चाकावरचे वजन ५५ किलोवर आणा. ठसा आक्रसून २६ चौरस सेंटीमीटरवर येतो. टायर जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे खड्ड्याचा धक्का गिळत नाही आणि चाक उडते. उलट वजन २५५ किलोवर न्या. ठसा १२० चौरस सेंटीमीटरवर पसरतो. टायरच्या बगला प्रत्येक फेऱ्याला खोल वाकतात आणि सरळ होतात. वाकण्या-सरळ होण्यात जी शक्ती खर्च होते तिची उष्णता होते. कमी हवेचा टायर तापतो तो असा, आणि फार तापला की त्याचे थर सुटू लागतात.

म्हणजे हवा गाडीची नसते, चाकाची असते. ज्या चाकावर जितके ओझे, तितकी त्याची हवा. साइडकारवाल्याला हे एकच सूत्र पक्के कळले की बाकीचे आकडे त्यातून निघतात.

पोळपाटाचे तीन पाय

तीन चाकांवर ओझे कसे वाटले जाते, हे पोळपाटावर कळते. लाकडी पोळपाटाला बहुधा तीनच पाय असतात, कारण तीन पाय ओटा उंचसखल असला तरी डुगडुगत नाहीत. पण लाटण्याचा जोर एका पायाच्या डोक्यावर दिला, तर त्याच पायावर बहुतेक भार जातो आणि इतर दोन पायांना त्याचा पत्ताही लागत नाही. मधोमध दिला तर तिघांत वाटला जातो. आणि तिन्ही पायांच्या त्रिकोणाबाहेर, कडेवर जोर दिला तर पोळपाट कलंडतो.

साइडकारची गाडी हा असाच पोळपाट, फक्त त्याचे पाय सारख्या अंतरावर नाहीत. दोन पाय उजवीकडे एका रेषेत, मोटरसायकलची दोन चाके. तिसरा डावीकडे, साधारण सव्वा मीटरवर आणि मागच्या चाकाच्या थोडा पुढे. चालकाचे वजन उजव्या रेषेवर पडते, साइडकारमध्ये बसलेल्याचे तिसऱ्या पायाकडे झुकते.

आकडे घालून पाहू. हे उदाहरणादाखल धरलेले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. मोटरसायकल १९० किलो, साइडकार ९०, चालक ७५. साइडकार रिकामी, मागच्या सीटवर कोणी नाही. एकूण ३५५ किलो. ते साधारण असे वाटले जाईल: पुढच्या चाकावर १२०, मागच्यावर १८०, साइडकारच्या चाकावर ५५.

आता मागच्या सीटवर ६० किलोची व्यक्ती आणि साइडकारमध्ये माणूस व सामान मिळून ७५ किलो. एकूण ४९०. वाटणी होते पुढे १२५, मागे २५५, साइडकारवर ११०.

या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. एकूण वजन १३५ किलोंनी वाढले, तरी पुढच्या चाकाला जेमतेम पाच किलो लागले. मागच्यावर ७५ किलोंची भर पडली आणि साइडकारच्या चाकावरचे ओझे दुप्पट झाले. तिन्ही चाकांत सारखी हवा भरण्याची चूक इथे उघडी पडते. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत एकच हवा ठेवण्याची चूकही इथेच दिसते.

आधी वजन, मग हवा

अंदाजाने चालण्यापेक्षा चाकागणिक वजन करून घ्यावे. माळव्यात ट्रक तोलायचा धर्मकाटा महामार्गालगत सहज सापडतो. तिथे पूर्ण गाडीचे वजन माणसांसकट करा. मोठे काटे बहुधा पाच-दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे एकेका चाकासाठी ते थोडे ढोबळ पडतात. पुढचे चाक आणि साइडकारचे चाक घरच्या वजनकाट्यावर मोजता येते. त्या काट्याची कमाल मर्यादा आधी पाहून घ्या, आणि इतर दोन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या ठेवा, म्हणजे गाडी कलणार नाही. एकूण वजनातून ही दोन वजा केली की उरते ते मागच्या चाकाचे. आपल्या उदाहरणात ४९० वजा १२५ वजा ११०, उरले २५५.

पुढची पायरी त्रैराशिकाची. कंपनीने साइडकारविना गाडीसाठी दिलेला आकडा हा आधार. समजा पुस्तिकेत दोघे बसल्यावर पुढे २२ आणि मागे ३२ पाउंड दिले आहेत, आणि तेव्हा पुढच्या चाकावर ११२ आणि मागच्यावर २१३ किलो येत होते. ओझे ज्या प्रमाणात वाढले त्याच प्रमाणात हवा वाढवली, तर टायर जवळपास पूर्वीइतकाच दबतो.

मागचे चाक: ३२ गुणिले २५५ भागिले २१३, म्हणजे ३८ पाउंड. पुढचे चाक: २२ गुणिले १२५ भागिले ११२, म्हणजे साडेचोवीस, २५ धरू. साइडकारचा टायर पुढच्याच मापाचा असेल, तर ११० किलोंसाठी २२ पाउंड.

तीन चाके, तीन आकडे: २५, ३८, २२. सरसकट तीसमध्ये मागचे चाक आठ पाउंडांनी उपाशी राहत होते आणि साइडकारच्या चाकाला आठ पाउंड जास्त मिळत होते.

इथे एक तपासणी विसरू नये. टायरच्या बगलेवर मापानंतर दोन आकडी संख्या आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ५७पी किंवा ६२एस. ती संख्या म्हणजे ओझ्याची मर्यादा सांगणारा सांकेतिक क्रमांक. ५७ म्हणजे २३० किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगते. आपल्या मागच्या चाकावर २५५ किलो आहेत. तिथे ५७ चा टायर असेल, तर कितीही हवा भरा, तो टायर त्या गाडीचा नाही. हवा वाढवून टायरची ताकद त्याच्या मर्यादेपलीकडे जात नाही. तसेच बगलेवर छापलेला कमाल दाब ही टायरची शेवटची हद्द असते, तो भरायचा आकडा समजू नये.

तिथेच चार आकड्यांचा आणखी एक शिक्का सापडतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. साइडकारचे चाक वर्षानुवर्षे थोडेच झिजते, नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र कडक होऊन चिरा पडलेल्या असतात. त्यामुळे हा शिक्का तिसऱ्या चाकावर आवर्जून वाचावा.

वळणावर वजन पळते

गाडी उभी असताना केलेली वाटणी वळणावर टिकत नाही. वळताना सगळे ओझे बाहेरच्या बाजूला ढकलले जाते. दुचाकी आत झुकून हा धक्का पचवते. साइडकारची गाडी झुकू शकत नाही, त्यामुळे वजन एका बाजूच्या चाकावरून उठून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर जाते.

किती जाते? गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आणि चाकांमधले आडवे अंतर १२० सेंटीमीटर धरू. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३४ किलोमीटर वेगाने घेतले, तर बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या तीन दशांश होतो. रिकाम्या गाडीत, म्हणजे ३५५ किलोंवर, सुमारे ५३ किलो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतात.

आता हे डावे वळण असेल, तर साइडकार आतल्या बाजूला येते. तिच्या चाकावर मुळात ५५ किलो होते. त्यातले ५३ गेले, उरले दोन. वेग जरासा वाढला की चाक हवेत. ताशी ३४ हा काही फार वेग नव्हे. मांडूच्या वळणांच्या रस्त्यावर तेवढा सहज होतो. रिकाम्या साइडकारमध्ये वाळूचे पोते टाकण्याची जुन्या चालकांची रीत याच हिशेबातून आली आहे. गाडी भरलेली असेल तर ११० मधून ७३ जातात आणि ३७ शिल्लक राहतात.

उजव्या वळणावर उलटे घडते. भरलेल्या गाडीत साइडकारच्या चाकावर ११० चे १८३ किलो होतात. म्हणून हे चाक हलके आहे असे म्हणून त्यात अगदीच कमी हवा ठेवता येत नाही. रिकाम्या साइडकारसाठी नुसत्या त्रैराशिकाने ११ पाउंड येतील. तेवढ्या हवेत उजव्या वळणावर टायर रिमवरून सरकू लागेल आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटू शकेल. रिकाम्या गाडीलाही १८ च्या खाली न जाणे बरे.

झुकत नाही, म्हणून टायर आडवा झिजतो

दुचाकीचा टायर गोलसर कापलेला असतो, कारण तिला वळताना त्याच्या कडेवर उभे राहायचे असते. साइडकारची गाडी तो गोलवा कधीच वापरत नाही. ती नेहमी टायरच्या मधल्या पट्ट्यावर चालते आणि वळताना त्या पट्ट्याला आडवा रेटा बसतो. चाक एका दिशेला पाहत असते आणि जमिनीवरचा ठसा किंचित दुसऱ्या दिशेला ओढला जातो. या किंचित तिरकेपणातूनच वळवणारा जोर निर्माण होतो.

टायरची बगल मऊ असेल, तर हा तिरकेपणा वाढतो. हँडल वळवले तरी गाडी क्षणभर विचार करते आणि मग वळते. थोडी जादा हवा बगलेला ताठ ठेवते. म्हणून त्रैराशिकाने आलेल्या आकड्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांत दोन पाउंड वाढवून पाहतात. त्याहून फार वाढवले, तर ठसा लहान होतो, पकड घटते आणि टायर मधोमध झिजून लवकर गोटा होतो. मागचा टायर तर चपटाच झिजतो, त्याची कड पायरीसारखी दिसू लागते. असा टायर साइडकार सोडवून पुन्हा दुचाकीला वापरू नये; झुकताना तो गाडी त्या कडेवरून एकदम टाकतो.

डावीकडे ओढ, उजवीकडे झोक

प्रत्येक फिरते चाक रस्त्याला थोडे अडते. मोटरसायकलची दोन चाके चालकाच्या रेषेत असल्यामुळे त्यांची अडवणूक गाडी वळवत नाही. साइडकारचे चाक सव्वा मीटर बाजूला असते. त्याने थोडे जरी मागे धरले, तरी गाडीचे तोंड डावीकडे ओढले जाते. त्यातली हवा कमी झाली की अडवणूक वाढते, आणि शंभर किलोमीटरमध्ये खांदे भरून येतात. साइडकारची गाडी अचानक पूर्वीपेक्षा डावीकडे ओढू लागली, तर पहिली शंका तिसऱ्या चाकाच्या हवेवर घ्यावी.

ब्रेक लावला की झोक उलटा जातो. साइडकारच्या चाकाला बहुधा ब्रेक नसतो. मोटरसायकल थांबते, साइडकार पुढे धावू पाहते आणि गाडीचे तोंड उजवीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांकडे फिरते. शिवाय जोरात ब्रेक लावताना आपल्या उदाहरणातल्या गाडीत ६० किलोंच्या आसपास ओझे मागून पुढच्या चाकावर येते. पुढचा टायर मऊ असेल, तर नेमक्या त्याच वेळी हँडल जड आणि बेभरवशाचे होते. आग्रा-मुंबई रस्त्यावर माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना घाट लागतात, आणि धार जिल्ह्यातला गणपती घाट तर अपघातांसाठी बदनाम आहे. अशा उतारावर निघण्याआधी पुढच्या चाकाची हवा हमखास पाहावी.

हवेने सगळेच सुधारते असे मात्र नाही. साइडकारचे चाक पुढच्या बाजूला किंचित आत वळवलेले असावे लागते, साधारण १२ ते २५ मिलिमीटर. मोटरसायकलही किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे कललेली बसवतात. ही जोडणी चुकली असेल, तर हवा कमी-जास्त करून ती लपवण्याचा प्रयत्न टायर खाऊन टाकतो.

माळव्याची थंडी आणि हवेचा काटा

कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो. तीसच्या आसपास हवा असेल, तर तापमान १० अंशांनी बदलल्यावर काटा सुमारे दीड पाउंड सरकतो. माळव्यात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी गाठतो आणि जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या आसपास असतो. मे महिन्यात ३२ भरलेले चाक एक कणही हवा न गळता जानेवारीत साडेसत्तावीसच्या आसपास दिसेल. त्यात ट्यूबमधून महिन्याला एक-दोन पाउंड गळतीही होतेच.

म्हणून सगळे आकडे थंड टायरचे असतात. गाडी दोन-तीन तास उभी असताना, सावलीत, सकाळी मोजावे. धावून आलेल्या गाडीत जास्त दिसलेली हवा काढून टाकणे ही नेहमीची चूक आहे. टायर निवला की तो उपाशी राहतो. आणखी एक गंमत: समुद्रसपाटीवर मुंबईत भरलेली हवा साडेपाचशे मीटर उंचीच्या धारमध्ये त्याच तापमानाला जवळजवळ एक पाउंड जास्त दिसते, कारण बाहेरच्या हवेचा दाब तिथे तेवढा कमी असतो. नायट्रोजनचे म्हणाल, तर साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. हिरवी टोपी लावली म्हणून काटा बघणे सुटत नाही.

दाराशीच प्रयोगशाळा

या विषयाला धार जिल्ह्यात एक वेगळे वजन आहे. जिल्ह्यातले पीथमपूर हे गाड्यांचे गाव. पुण्याच्या फिरोदिया परिवाराची बिनगिअरची किनेटिक होंडा स्कूटर इथेच तयार होत असे, आणि बजाज टेम्पो म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचाही कारखाना इथे आहे. ब्रिजस्टोनचा टायर कारखाना पीथमपूरजवळ खेडा येथे आहे. तिकडे देवासमध्ये गॅब्रिएलच्या कारखान्यात गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर बनतात. टायरनंतर खड्ड्याचा धक्का पेलणारा तोच.

पीथमपूरलाच 'नॅट्रॅक्स' हे गाड्या तपासण्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये तत्कालीन अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. आशियातला तो सर्वांत लांब असा ट्रॅक म्हणून गाजला. वेगाखेरीज ब्रेक, चढण, ओल्या रस्त्यावरची पकड यांच्या चाचण्यांचीही सोय तिथे आहे. अशा कोणत्याही चाचणीत गाडी सोडण्यापूर्वी थंड टायरची हवा मोजून नोंदवतात, कारण दोन-चार पाउंडांच्या फरकाने निकाल बदलू शकतो. कोट्यवधींच्या चाचणीची पहिली नोंद आणि आपली सकाळची पहिली नोंद एकच असावी, यात बरेच काही आले.

यशस्वी हवेच्या टायरचा इतिहासही तीन चाकांपासूनच सुरू होतो. जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८७ मध्ये बेलफास्टला आपला पहिला उपयोगी हवेचा टायर बनवला, तो मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी.

खडू आणि अर्धा तास

हिशेबाने आलेला आकडा रस्त्यावर ताडून पाहायचा असतो. त्यासाठी दोन सोप्या रीती आहेत.

पहिली खडूची. टायरच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूचा जाड पट्टा ओढा. गाडीत नेहमीची माणसे बसवून सपाट, कोरड्या रस्त्यावर पन्नासेक मीटर सरळ चालवा आणि पट्टा पाहा. फक्त अगदी मधोमध पुसला असेल तर हवा जास्त. कडांना पुसला आणि मध्ये राहिला तर कमी. हा निकाल चपट्या टायरवर स्वच्छ दिसतो. नव्या, गोलसर टायरवर मधला भाग आधी पुसला जाणारच, तेवढी सूट द्यावी.

दुसरी काट्याची. सकाळी थंड टायर मोजा, नेहमीच्या वेगाने अर्धा तास चालवा आणि थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. जाणकार मंडळी दहा टक्क्यांच्या आसपासची वाढ चांगली धरतात: ३८ चे ४२ झाले तर ठीक. ४५-४६ झाले, तर टायर फार वाकतो आहे, म्हणजे थंड असताना हवा कमी होती, ती वाढवा. जेमतेम एक पाउंड वाढला, तर हवा गरजेपेक्षा जास्त आहे. उन्हात तापलेल्या डांबराचा परिणाम यात मिसळतो, म्हणून ही तपासणी सकाळीच करावी.

चौकट: थोडक्यात

• प्रत्येक चाकावरचे वजन माणसे आणि सामानासकट मोजा.
• कंपनीचा आकडा गुणिले नवे वजन भागिले जुने वजन, हा पहिला अंदाज.
• पुढे-मागे दोन पाउंड वाढवून पाहा. साइडकारच्या चाकात १८ च्या खाली जाऊ नका.
• उदाहरणातल्या भरलेल्या गाडीला: पुढे २५, मागे ३८, साइडकार २२. हा तुमच्या गाडीचा आकडा नव्हे, रीत दाखवण्यासाठी आहे.
• बगलेवरचा ओझ्याचा क्रमांक आणि कमाल दाब यांची हद्द ओलांडू नका.
• मोजणी थंड टायरवर, नेहमी एकाच काट्याने.
• साइडकार रिकामी असेल तर डावे वळण सावकाश.

पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते आणि खिशात मावणारा हवेचा काटा काही फार महाग नसतो. पंपांवरचे काटे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून स्वतःचा एक ठेवा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दोन्ही हिशेब एकदा करून कागदावर लिहा आणि तो कागद पेट्रोलच्या टाकीवर किंवा साइडकारच्या आत चिकटवून टाका. पुढच्या वेळी पंक्चरवाल्याने "किती टाकू?" विचारले, की उत्तर एका आकड्यात देऊ नका.